सगळं घर खोकलं

शनिवार, दिवेलागण

लिही नेहा, माझ्या रोजच्या वहीत, मी सांगते तसंच. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये आज माझी नात डोक्यावर आपटली. नात म्हंजे तूच, थांबू नकोस. घरी आल्यापासून चारदा विचारलंस, "आजी, आम्ही जिंकलो का?" व्हय गं बाई, जिंकलात. चारदा!

वाटलं, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका लागत नाय. इथं तर सगळं घर खोकलं! म्हंजे दृष्ट नाय, मारच लागलाय. जीव लई घाबरलाय माझा.

"टीमच्या सरांना सांगू नकोस, आजी. उद्या सीझनची शेवटची मॅच आहे."

सांगणार. फोन लाव, बोलते मी. रिक्षाही बोलव. रुसायचं ते दवाखान्यात जाऊन रूस.