बोडीचं पाणी, माझी बांधी

१७ जुलै, सकाळी
पाऊस आठ दिवस बेपत्ता. भाताच्या बांधीत चिखल तयार, पाणी घोट्याच्याही खाली. सोमवारी रोवणा, म्हणजे लावणी. बाया मिनतवारीने ठरल्यात. दिवस हुकला तर त्या दुसरीकडे जाणार आणि माझे परे, लावणीची रोपं, उभे पिवळे पडणार. शेजारच्या भुपेंद्रने पंप देऊ केला. नकार दिला. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता नापास विद्यार्थ्याचा पंप वापरू? बांधापलीकडे बोडी, आमचं छोटं तळं, भरलेली आहे. सायफन करणार.

१८ जुलै
मोहाडीहून पाइप आणला. बायकोला, शोभाला, समजावलं: बोडी मोठी, बांधी लहान, मोठ्याचा दाब जास्त, पाणी येणारच. ती म्हणे, पण बोडी तं खाली आहे. म्हटलं, प्रश्न उंचीचा नाही, वजनाचा. मंग माझं वजन जास्त असून घरात तुमचंच काहून चालते, म्हणे. विज्ञानात घरगुती उदाहरणं चालत नाहीत.

१९ जुलै, दुपारी
भुपेंद्र बांधावर उभा. म्हणे, सर, पाणी कितीबी असो, दाब खोलीवर असते. तुमीच तं शिकवलं. हेच त्याने नववीच्या पेपरात लिहिलं होतं. आकृती नव्हती म्हणून मी दोन मार्क कापले. दोनानेच गेला. शिस्त म्हणजे शिस्त.

२० जुलै, संध्याकाळी ६
यश! पाइप काठोकाठ भरला. बोडीतलं तोंड मी, बांधीतलं शोभाने, एकदम उघडलं. पाइपला कान लावला. आत खळखळ! दोन्ही तोंडं पाण्याखाली, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. शोभा म्हणे, कोणीकडून कोणीकडे जाऊन राहिलं ते तं पाहा. अविश्वास हा अज्ञानाचा भाऊ. जेवून झोपणार.

२१ जुलै, सकाळी ७
बांधी कोरडी ठक्क. बेडूकसुद्धा बोडीत.
बाया आल्या, पदर खोचून बांधावर थांबल्या. उषाबाई म्हणे, मास्तर, बोडी भरून द्याले तुमीच भेटले का? आणि सगळ्या भुपेंद्रच्या बांधीत उतरल्या.
सिद्धांत बरोबरच आहे. शोभाने तिचं तोंड क्षणभर आधी उघडलं असावं.

२१ जुलै, दुपारी
परे माना टाकू लागले. भुपेंद्रकडे गेलो. तो लगेच पंप घेऊन आला. बायाही उद्या माझ्याकडे पाठवतो म्हणे. पंपाचा पाइप बोडीत सोडला आणि थांबला. सर, आधी आकृती काढू का, म्हणे.
म्हटलं, राहू दे. दोन मार्क घे, चालू कर.