वैऱ्याचा दोर

कोर्चुला, रविवार सकाळ

हट्टी बाबांना,

तुमची येर्का शिडाच्या होडीत बसून हे लिहितेय, आणि तुमचा जावई वेदरान पुढे नांगर उचलतोय. झाग्रेबचा माणूस, त्याला समुद्र काय कळणार, असं म्हणून तुम्ही लग्नाला आला नाहीत. तेव्हापासून माझी पत्रंही न फोडता परत पाठवताय.

दुब्रोव्निकच्या तटाखालून निघालो तेव्हा तुमचंच खरं होणार असं वाटलं. म्ल्येत बेट येईपर्यंत हा बादलीत तोंड घालून बसला होता. पण काल दक्षिणेचा वारा उठला, मी शीड आवरायला धावले, तर यानं सुकाणू धरलं आणि होडी थेट कोर्चुलाच्या बुरुजाखाली आणली. वर मलाच म्हणतो, "कोळ्याची पोर ना तू? मग ओरडतेस कशाला?" मला इतकं हसू आलं की दोराची गाठ बसेना.

उद्या संध्याकाळी आपल्या कोमिझाला पोचू. मला धीर निघत नाहीये, बाबा. मासे विकून झाले की तुम्ही धक्क्यावर त्याच दगडावर बसलेले असाल, आणि दोर वेदरान टाकेल.

आलेल्या होडीचा दोर धक्क्यावरच्या माणसानं झेलायचाच, मग ती वैऱ्याची का असेना, हे तुम्हीच शिकवलंत. तो पाण्यात पडू दिला, तर सगळं गाव तोंडात शेण घालेल.

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. पत्र परत पाठवता येतं, दोर नाही.

हट्टात तुमच्यावरच गेलेली,
येर्का