दीड मीटर मोकळी वाट

मंगळवार, ६ ऑक्टोबर. संध्याकाळी सात.

कालच्या नोंदीत चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मावशीच्या टेबलांपुढे उरलेली वाट मी एक मीटर अठ्ठावीस लिहिली. ती एक मीटर सव्वीस आहे. जादा दोन सेंटिमीटर कुठून आले कळत नाही. सख्खी मावशी म्हणून हात झुकला असणार. यापुढे सावध राहायचं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, पण मी वाचते, आणि मला खोटं वाचायला आवडत नाही.

निकालात फरक पडत नाही. नियम दीड मीटरचा. जुन्या शहरात रस्त्यावर टेबलं मांडून खायला-प्यायला देणाऱ्या एकूण चौदा जागा. बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, चालायला वाट उरेना, म्हणून आमच्या परवाना विभागाने सगळ्या पुन्हा मोजायला काढल्या. मोजणी माझ्याकडे. तेरा पास. एक नापास, ती मावशीची.

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले की नातं न बघता मोजणारी माणसं आता राहिली नाहीत, या मुलीकडे बघा. सगळ्यांनी बघितलं. मी हे कौतुक म्हणून लिहीत नाही, नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. दोनदा म्हणाले.

गुरुवार, ८ ऑक्टोबर.

फितीचं दुसरं टोक धरायला माझ्याबरोबर ऑफिसातले शिपाई काका असतात. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, त्यामुळे कशातच पडत नाहीत. आज चहाच्या वेळी पडले. म्हणाले, बाई, एक विचारू का, बाकी तेरा ठिकाणी आपण खुर्च्या टेबलाखाली सरकवून वाट मोजली, मग तुमच्या मावशीकडेच खुर्च्या बाहेर ओढलेल्या असताना का मोजली?

मी म्हणाले, तिथे माणसं बसली होती, मोजण्यासाठी त्यांना उठवायचं का? आणि मी तिची भाची, माझं माप कडकच हवं.

काका म्हणाले, बरोबर आहे, छत्रीवाल्यांकडे आपण उघडायच्या आधी गेलो, तिथे उठवायला कोणी नव्हतंच. मग त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी ते चमच्याने शोधण्यात घालवला.

छत्रीवाले म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याखालचे. बावीस टेबलं, बावीस हिरव्या छत्र्या. मालकाने त्या दिवशी आम्हाला कॉफी देऊ केली होती. मी घेतली नाही. पाणी प्यायले, तेही मागून नाही, त्याने आणून ठेवलं म्हणून.

घरी येऊन हिशेब केला. मावशीकडे खुर्च्या आत सरकवल्या तर एक मीटर एकाहत्तर. पास. छत्रीवाल्यांकडे बाहेर ओढल्या तर एक मीटर दहा. नापास. म्हणजे चूक झाली आहे, आणि ती माझी आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

ठराव: उद्या साडेदहाला साहेबांच्या हातात दुरुस्तीचं टिपण.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर.

टिपण झालं पावणेचार पानांचं. एवढं साहेब वाचत नाहीत. कापून एक पान केलं, तर त्यात मी बेजबाबदार वाटते. दीड पान केलं. साडेदहाला साहेब फोनवर, अकराला पाहुणे, बाराला चेहरा बरा नव्हता. अशा वेळी टिपण देणं म्हणजे मुद्द्याचं नुकसान करणं.

सोमवार, १२ ऑक्टोबर.

महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. आमची फीत कापडी आहे. कापड ओढलं की वाढतं. फीतच चुकीची असेल तर चौदाही मापं चुकीची, मग मी कोणती चूक दुरुस्त करणार? आधी फीत तपासायला हवी. मापं तपासणाऱ्या कार्यालयात पाठवली. आठ दिवस लागतील.

काका म्हणाले, फितीला काय झालंय, चांगली आहे ती. काकांना शास्त्र समजत नाही. मन हलकं झालं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बुधवार, १४ ऑक्टोबर.

मावशीकडे गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून.

जुन्या वेशीला लागून तिची जागा. आत फक्त शेगडी, कट्टा आणि एका माणसाला वळता येईल एवढी फरशी. जे काही आहे ते बाहेर, सात टेबलं. लहानपणी माझी छाती सारखी भरायची, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. माझी शाळा चौथ्या टेबलावर भरायची. मावशी हात पुसत यायची, पाढे घ्यायची, परत आत जायची. मोजायलाही तिनेच शिकवलं, दोरीला गाठी मारून.

नोटीस तिने शेगडीच्या वर खिळ्याला लावली आहे, वाफेने कागद मऊ झालाय. शुक्रवार तेवीसपर्यंत, संध्याकाळी पाचच्या आत, हरकत नोंदवायची. नाहीतर टेबलं उचलणार. टेबलं गेली की दुकान गेलं, हे कोणालाही कळेल.

निवृत्त पोस्टमन नेहमीच्या जागी बसले होते. मला बघून म्हणाले, आली फीतवाली. आता पोट आत घेऊन बसू का बाहेर सोडून? आमच्या पोटाचाही नियम असेल तर सांगून टाक बाई. मावशी त्यांना म्हणाली, गप बसा, पोरगी दमून आलीय.

तिने सूप आणून ठेवलं. मी म्हणाले, चौकशीत असलेल्या ठिकाणी मला खाता येत नाही. तिने वाटी उचलली, समोर बसली आणि स्वतःच प्यायली.

हरकत घेतलीस का, असं मी विचारलं. म्हणाली, कशाला? तुझी नोकरी कायम व्हायची आहे ना या महिन्यात? त्यात सख्ख्या मावशीचाच कागद तुझ्या विरोधात? आणि तू मोजलंस म्हणजे ते बरोबरच असणार. तुझी दोरी कधी चुकली नाही. तुझ्या आईची चुकायची.

हे ऐकून फार मोकळं वाटलं. जिचं नुकसान तिलाच घाई नाही. मी मात्र उगाच जीव काढत होते. सांगायचं होतं ते सांगितलं नाही, कारण पोस्टमन ऐकत होते आणि कार्यालयीन बाब चारचौघांत बोलू नये.

सोमवार, १९ ऑक्टोबर.

नवं काम आलं. पाहुण्यांसाठी नकाशा छापायचा, जुन्या शहरात उघड्यावर बसून कुठे खाता-पिता येईल त्याचा. पास झालेल्या प्रत्येक जागेवर एक छोटी छत्री काढायची. तेरा छत्र्या काढल्या. वेशीजवळची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली. तिथे झाड किंवा बाक सहज काढता आला असता, डिझाइनवाल्याने सुचवलाही. मी ठाम नाही म्हणाले. पुढे छत्री घालायची वेळ आली तर जागा हवी. विरोध असाही करता येतो, आवाज न करता.

मंगळवार, २० ऑक्टोबर.

फीत परत आली. अचूक आहे. थोडी निराशा झाली. का झाली, ते लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही.

साहेब जिन्यात भेटले. म्हणाले, कायम करण्याच्या यादीत तिघांची नावं आहेत, जागा दोन. तुमचं मी वर घातलंय. तुमचं माप म्हणजे माप. मी म्हणाले, साहेब, मला एक सांगायचं होतं. ते थांबले, म्हणाले, बोला ना. टिपण माझ्या पर्समध्येच होतं. मी म्हणाले, माझ्या टेबलामागची खिडकी नीट लागत नाही, वारा येतो.

दुपारी सुतार आला. खिडकी आता घट्ट लागते.

आईचा फोन. म्हणाली, माझ्या बहिणीचा आवाज बसलाय, विचारलं तर म्हणते थंडी बाधली. तुझ्या ऑफिसातून काही होण्यासारखं आहे का गं? मी म्हणाले, प्रक्रिया चालू आहे. आई म्हणाली, म्हणजे काय? मी म्हणाले, प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया. आई म्हणाली, नऊ वर्षं तुला तिने सांभाळलं म्हणून मी कामाला जाऊ शकले, एवढं तुझ्या प्रक्रियेला सांग. घरचे लोक भावनेच्या भरात बोलतात. मी समजून घेते.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर. संध्याकाळी सहा.

आज शेवटचा दिवस होता, म्हणून साहेबांना बाजूला ठेवून थेट नागरिकांच्या खिडकीवर हरकत द्यायची ठरवली. चूक झाल्याचं माहीत असलेली कोणीही व्यक्ती हरकत देऊ शकते, मी तर ती चूक केलेलीच व्यक्ती. कायद्याच्या दृष्टीने भक्कम.

चार वाजून दहा मिनिटांनी रांगेत उभी राहिले. पुढे पाच जण. मागे एक आजी होत्या, त्यांना पुढे सोडलं. एका बाईच्या कडेवर बाळ होतं, तिला सोडलं. एका गृहस्थांची बस सुटणार होती. नंतर एक जण म्हणाला, मला फक्त शिक्का मारून हवाय. मग माझ्या लक्षात आलं की टिपणावर तारीख ९ ऑक्टोबर आहे. जुन्या तारखेचा कागद देणं बरोबर नाही. बाजूला होऊन तारीख बदलली, मग शेजारी छोटी सही केली, तर ती खाडाखोड वाटायला लागली. नवीन पान काढलं.

पाच वाजता खिडकीवरच्या बाईंनी फळी ओढली. मी पुढे सरकले तेव्हा म्हणाल्या, मॅडम, तुम्ही तर आतल्याच, तुम्हाला रांग कशाला? द्या ना इकडे, आत्ताच शिक्का मारते.

मी म्हणाले, नाही, वेळ संपली आहे. नियम सगळ्यांना सारखा.

त्या काहीतरी चमत्कारिक नजरेने बघत होत्या. प्रामाणिकपणा बघायची सवय राहिली नाही लोकांना.

मंगळवार, २७ ऑक्टोबर.

काल टेबलं उचलली. मी हजर असणं आवश्यक होतं, तशी सहीही केली. काका फितीची पेटी घेऊन उभे होते, त्यांना कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. पोस्टमन आपली खुर्ची सोडेनात. शेवटी उठले आणि म्हणाले, घ्या, झाली मोकळी वाट, आता नाचा तिच्यावर. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आज मावशी कार्यालयात आली, परवान्याची पत्र्याची पाटी जमा करायला. मी टेबलावर एकटी असते तर बरं झालं असतं, पण बाजूला तिघं होते, साहेबही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, सही कुठे करायची?

आयुष्यात पहिल्यांदा मला तिने मॅडम म्हटलं. मी बोट ठेवून जागा दाखवली. तिने सही केली. साहेब मला नंतर म्हणाले, ओळखीची वाटते बाई. मी म्हणाले, चौदा नंबरच्या परवानाधारक.

खरं तर तिला ऑफिसची शिस्त बरोबर समजली, याचं मला समाधान आहे. तिच्यामुळेच मला अवघडल्यासारखं झालं नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून पुढचंही लिहिते. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथे कोणी नव्हतं. ती कठड्याला धरून म्हणाली, खुर्च्या बाहेर होत्या गं तेव्हा. मला दिसत होतं. म्हटलं, पोरीच्या लक्षात येईल, ती परत येऊन मोजेल. लहानपणी एकदा मोजून तुझं समाधान व्हायचं नाही. मी रोज खुर्च्या आत सरकवून ठेवत होते, सकाळी तू येशील म्हणून.

मी म्हणाले, मावशी, फीत तपासायला दिली होती.

ती म्हणाली, हो का. आणि सावकाश जिना उतरली. गुडघा दुखत असावा. विचारायचं राहिलं.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर.

वेशीजवळची जागा छत्रीवाल्यांना देणार. त्यांची तिथे नऊ टेबलं बसतात, खुर्च्या आत धरून. मापं माझीच, आज घेतली. नव्या परवान्यांचा आदेश सोमवार, ९ नोव्हेंबरला निघेल आणि पाच वर्षं बदलता येणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याच दिवशी माझ्या कायम होण्याच्या पत्रावरही सही होणार. नकाशातल्या कोऱ्या जागेत डिझाइनवाल्याने चौदावी छत्री काढली. जागा ठेवली होती म्हणून नीट बसली.

आई म्हणाली, मावशी छत्रीवाल्यांच्या भटारखान्यात भाजी चिरायला जाणार आहे, सहा तास उभ्याने. मला वाईट वाटलं. पण घाईघाईने काही करणं ही माझी पद्धत नाही. आत्ता टिपण दिलं तर प्रोबेशनवरच्या मुलीचं टिपण म्हणून बाजूला टाकतील. कायम झालेल्या कर्मचाऱ्याच्या कागदाला वजन असतं. मावशीचं भलं कशात आहे ते बघायला हवं, माझं मन हलकं करणं सोपं आहे.

दीड पानाचं टिपण पुन्हा सुवाच्य अक्षरात काढलं. तारखेची जागा आधीच भरून ठेवली, म्हणजे पुन्हा खाडाखोड नको. ती तारीख अशी:

मंगळवार, १० नोव्हेंबर, सकाळी साडेदहा.