फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट

सोमवार, ३

प्रवासाच्या निबंधाच्या अडतीस वह्या. अडतीस वेळा ‘खूप मजा आली’! सातवीतली पोरं — सकाळी लवकर उठतात, गाडी सुरू होते, झाडं मागे पळतात, की आलीच मजा. सगळं गाइडमधलं. जी कधी गावाबाहेर गेलेली नाहीत, त्यांनाही तेवढीच येते.

हेडसरांना म्हटलं, प्रवासाची चित्रपुस्तकं वापरून बघू द्या. एक शब्द नसलेली. चित्र बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. “दोन आठवडे घ्या. चाचणीत फरक दिसला नाही, तर गाइड उघडायचं आणि मुलांना उतरवायला द्यायचं.”

मंगळवार, ४

वाचनालयातून अकरा पुस्तकं वाहून आणली. खांदा कामातून गेला. पहिल्या बाकावरचा शहाणा म्हणतो, बाई, ही तर बालवाडीची आहेत. वर्ग खिदळला. मौनी तेवढी हसली नाही. शेवटच्या बाकावरची ही मुलगी ‘हजर’ यापलीकडे शब्द बोलत नाही, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. मीही आता तेच वापरते.

गुरुवार, ६

चित्र वाळवंटाचं. जीप वाळूत रुतलेली, माणूस डोक्याला हात लावून बसलेला, बाटली रिकामी. एकतीस जणांनी लिहिलं — खूप मजा आली. कुणाला? त्या माणसाला?!

शुक्रवार, ७

बंदी! फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखली, आत ते वाक्य, त्यावर फुली. जो लिहील त्याला निबंध पुन्हा. मौनीनं हात वर केला — चक्क! पण घंटा झालेली, वह्या गोळा करायच्या होत्या. आता प्रश्न नकोत, म्हटलं. तिनं हात खाली घेतला.

सोमवार, १०

‘अतिशय मजा आली.’ ‘मजाच मजा.’ शहाण्याचं तर — ‘आनंदाला पारावार उरला नाही.’ कपाळ बडवून घ्यावं! घरी नवऱ्याला विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. तर म्हणतो, खूप मजा आली. झोपेपर्यंत बोलले नाही त्याच्याशी.

बुधवार, १२

आज जरा बरं. चित्र होडीचं. एकीनं लिहिलं, म्हातारा संत्रं सोलतोय आणि सालं खिशात ठेवतोय. माझ्याही नजरेतून सुटलं होतं ते. पण मौनीची वही कोरी. परवावर चाचणी आणि कोरी! सगळ्यांसमोर बोलले तिला. नको होतं बोलायला.

शुक्रवार, १४

चाचणी झाली. ‘मी पाहिलेला प्रवास.’ गठ्ठा उघडायची हिंमत नाही.

शनिवार, १५

मौनीनं दीड पान लिहिलंय! बाबांची पाव पोचवायची गाडी. सीटची स्प्रिंग टोचते, म्हणून बाबांनी रेनकोटची घडी घालून तिला बसायला दिली. बोगद्यात हॉर्न तिनं वाजवला, दोनदा. पावाच्या कडा खात दोघं घरी आले. ‘त्यानंतर बाबा आमच्याकडे राहत नाहीत.’

मग एक ओळ मोकळी. तिच्याखाली — ‘शेवटचं वाक्य बाईंनी बंद केलं आहे. पण ते खरं होतं.’

मग हेडसरांनी गठ्ठा मागवला. चाळला. पुस्तकं चालू ठेवा, म्हणाले. मी जिंकले म्हणायचं. जाता जाता त्यांनी तीच वही पुढे सरकवली. “हिचा समारोप अपुरा आहे. दोन मार्क कापा.”

समारोप मीच कापलाय, हे सांगायचं धाडस झालं नाही. लाज वाटली स्वतःची.

सोमवार, १७

हेडसरांना सांगून टाकलं. चौकट पुसली. मधल्या सुट्टीत मौनीला वही आणि माझं पेन दिलं. मोकळ्या ओळीवर तिनं ते तीन शब्द लिहिले, पूर्णविराम दिला, आणि म्हणाली, “बाई, त्या दिवशी हात वर केला तेव्हा हेच विचारायचं होतं — खरंच आली असेल तर?”