कणगीचा तळ

१६ नोव्हेंबर
मुरबाडहून एसटीने आलो. समोर सिद्धगड, हवा उत्तम, फोनला रेंज नाही. तत्त्वज्ञानकोशातली माझी नोंद लिहायला याहून चांगली जागा मिळणार नाही. शब्द आहे ‘अकॅटलेप्सिया’: माणसाला कशाचंही निश्चित ज्ञान होऊ शकत नाही, हे मत. महाराष्ट्रात हा शब्द माहीत असलेली माणसं चार. त्यांतल्या तिघांना तो कळलेला नाही.
घर गुणाबाईचं. तिचा नवरा कोंडू मुका आहे. त्याची उजवी मूठ सदा मिटलेली. अंगावरून वारं गेलं असावं.

१८ नोव्हेंबर
माजघरात कमरेएवढी कणगी आहे, बांबूची, शेणाने सारवलेली. दरवर्षी जुन्या भातावर नवं ओततात. तळ कोणी पाहिलेला नाही. भात काढताना गुणाबाई तोंड फिरवते, आणि हात कोपरापुढे घालत नाही. कारण विचारलं. म्हणाली, ठाव नाय मास्तर, आमी कदी इचारलंच नाय. तुमच्या बुकात नाय काय लिवलेलं?
अज्ञानाचा इतका तोरा प्रथमच पाहिला.

२० नोव्हेंबर
नोंद झकास चालली आहे. एक ग्रीक गुरू ज्ञान हातानेच समजावत असे. उघडा तळवा म्हणजे दिसणं. वाकलेली बोटं म्हणजे पटणं. मूठ म्हणजे पकडणं. मग त्या मुठीवर दुसरा हात घट्ट आवळायचा: हे ज्ञान. विरोधक म्हणत, मूठ रिकामीच मिटते.
संध्याकाळी ओटीवर करून दाखवलं. सून सारिका हसून म्हणाली, सर मच्छर मारतात. कोंडू उठून आत गेला.

२१ नोव्हेंबर
सारिकाने सांगितलं, सासरे मुके नाहीत, गप्प आहेत. तरुणपणी त्यांचा हात कणगीच्या तळाला लागला. काय लागलं ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून डावा हात तरी राहिला. बी.ए. झालेली मुलगी, आणि हे तोंड वर करून सांगते.
उद्या सगळे शेतावर आहेत. बघतोच.

२२ नोव्हेंबर, दुपार
डाव्या हाताने लिहितो आहे.
उजवा खांद्यापर्यंत घातला. नवं भात, जुनं भात, मग गारठा. तळ लागला. मूठ मिटली.
तिच्यावर दुसरा हात आवळला गेला.
माझा डावा हात बाहेर होता. कणगीच्या काठावर.

संध्याकाळ
मूठ उघडत नाही. वर काही दिसत नाही, पण पकड आहे — मोजली. बोटं सहा.
गुणाबाईने पाहिलं. काही विचारलं नाही, भात कालवून चमचा डाव्या हाती दिला. कोंडू शेजारी येऊन बसला. त्याची मूठ माझ्या मुठीला टेकवली. मान हलवली. नको.

२३ नोव्हेंबर
मला कळलं आहे. हा शब्द माहीत असलेल्या चौघांत मला एकट्याला. आणि मी गप्प बसू? या अडाण्यासारखा — चाळीस वर्षं — भात कालवून खात —

२४ नोव्हेंबर
कोंडू दारात उभा. रडतो आहे. मूर्ख.
डावं मनगट गार पडत — एकच वाक्य उरलं आहे. नोंद पुरी करणार.
तळाशी जे आहे, ते