बी.एस्सी. (अपिअर्ड)

ग्लासगो,
१६ नोव्हेंबर २००८

ती. चंद्रशेखरमामांना,

मुरलीधरचा वाकून नमस्कार. (इथल्या थंडीत एकदा वाकलो की सरळ व्हायला वेळ लागतो, तेव्हा नमस्कार चांगला लांबलचक झालाय असं समजावं.) मामींचा गुडघा काय म्हणतो? नवी कवळी तोंडात घालता, की अजून डबीतच ठेवून हिरड्यांवर संत्री खाता? आम्ही तिघं मजेत. देवयानी तिच्या फार्मसीत, मी बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर, आणि आमची पूर्वी शाळेच्या शेवटच्या वर्षात.

मोठी बातमी तिचीच आहे. ती शाळेत असतानाच युनिव्हर्सिटीत गेली. गेली म्हणजे कुठे गेली नाही, घरातच आहे. इथे घरी पुस्तकं पाठवून शिकवणारी एक युनिव्हर्सिटी आहे. त्या युनिव्हर्सिटीने शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी अशी सोय केलीय की शाळा चालू ठेवून तिचा एक छोटा कोर्स करायचा, पास झालं की पॉइंट्स मिळतात, आणि पुढे डिग्री करताना ते धरले जातात. थोडक्यात, पानं मांडायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन दोन भजी खायची आणि तीही जेवणात धरायची. मला तर कल्पना फार आवडली.

फक्त विषय पूर्वीने केमिस्ट्री घेतला. जगात इतके विषय पडलेत, भूगोल काय वाईट होता? मला हाच विषय का नको होता ते तुम्हाला एकट्यालाच ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षाला ऑरगॅनिकमध्ये मी दोनदा गचकलो, तिसऱ्यांदा पेपरच्या दिवशी सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर फिरायला गेलो, आणि पुढे देवयानीच्या वडिलांना माझी माहिती लिहून देताना तुम्ही ‘बी.एस्सी.’पर्यंत आलात आणि ‘अपिअर्ड’ लिहायला कागद पुरला नाही म्हणालात. (कागद फुलस्केप होता, मामा. मी पाहिला होता.) त्याला वीस वर्षं झाली. देवयानी मला ग्रॅज्युएट समजते आणि चारचौघांत तसं सांगतेही. हे उघड झालं तर ती भांडणार नाही. ती गप्प बसेल, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

अशा वेळी शहाण्या माणसाने तोंड बंद ठेवावं. मी पेढे वाटले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, दुधाच्या पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये केलेले. (पहिला घाणा मायक्रोवेव्हच्या छताला लागला. तो अजून तिथेच आहे.) आता आपल्या लोकांत पेढा हातावर पडला की बातमी मोठीच असणार असं धरून चालतात. आरती संपेपर्यंत पूर्वी सोळाव्या वर्षी युनिव्हर्सिटीने घरी येऊन नेलेली मुलगी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी पार लंडनजवळच्या इल्फर्डहून आपल्या गिरीशचा फोन आला, की आता तिच्या नावामागे डॉक्टर लावायचं का. मग पूर्वीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, तू सगळ्यांना काय सांगितला? हा फक्त टेन पॉइंट्स आहे. डिग्रीला थ्री सिक्स्टी लागतो. इट्स सो एम्बॅरसिंग." मी म्हटलं, बेटा, काही लोकांकडे दहासुद्धा नसतात. ती म्हणाली, "कोणाकडे?" मी तिला पेढा दिला.

खरं संकट शाळेच्या पेरेंट्स ईव्हनिंगला आलं. मॅडम सांगत होत्या की हा कोर्स करणारी सहा मुलं गुरुवारी शाळा सुटल्यावर एकत्र अभ्यासाला बसतात, पण त्यांना वेळ देणारं कुणी नाही. देवयानीचा चेहरा उजळला. "माय हजबंड इज अ केमिस्ट्री ग्रॅज्युएट," ती म्हणाली, "ही वुड लव्ह टू." मी खोकलो. ऑक्टोबरात इथे सगळेच खोकतात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मॅडमनी माझं नाव लिहूनसुद्धा घेतलं.

मग मामा, मी अभ्यासाला लागलो. तुमच्या घरी तीन वर्षं राहून केला नव्हता तो सगळा दोन आठवड्यांत केला. पूर्वी शाळेला गेली की तिचं पुस्तक कोटात घालून कामावर न्यायचं, जेवणाच्या सुट्टीत छत्र्यांच्या रॅकमागे बसून वाचायचं, आणि ती घरी यायच्या आत जागेवर ठेवायचं. एका मंगळवारी मी ते बसमध्ये विसरलो. घरी पूर्वी दप्तर उपसतेय, देवयानी सोफा उलटा करतेय, आणि मी दोघींबरोबर मन लावून शोधतोय. सकाळी पुस्तक माझ्याच काउंटरवर जमा झालं होतं. पण काउंटरवर माझ्या जोडीला असणारा इयन नियमाचा पक्का. वस्तू माझी आहे हे सिद्ध करायला त्याने मला पान पन्नासवर काय आहे ते विचारलं. मी त्याला बेंझिनचं वलय काढून दाखवलं, सगळे बंध जागच्या जागी. त्याने सही घेऊन पुस्तक दिलं, आणि माझ्या ध्यानात आलं की मला हे येतंय.

गुरुवारी सहा मुलं माझ्यासमोर बसली. पूर्वी मागे, मान खाली घालून, बापाची अब्रू जाताना दिसू नये म्हणून. एका लाल केसांच्या मुलाने विचारलं, सर, बेंझिनमधले बंध सगळे सारखेच का? सर म्हणाला, मामा, मला. हाच तो प्रश्न, ज्यावर मी दोनदा कोरा कागद देऊन आलो होतो. मी फळ्यावर गेलो आणि वीस मिनिटं बोललो. उत्तर बरोबर होतं, मी पुस्तकाच्या शेवटी ताडून पाहिलं. पूर्वीने मान वर केली ती मग खाली घातलीच नाही. परत येताना ती बसमध्ये माझ्या खांद्याला टेकून बसली आणि मी आमचा स्टॉप सोडून तीन स्टॉप पुढे गेलो. मला इतका आनंद झाला होता की मी ड्रायव्हरलाही सांगितलं.

तर असं सगळं छान चाललंय, कसलीही काळजी नसावी. मामींना नमस्कार, तुम्हाला कवळी लाभो.

तुमचा भाचा,
मुरलीधर

ता. क. १: पत्र खरं यासाठी लिहिलं. ही युनिव्हर्सिटी मोठ्यांनाही घेते, वय विचारत नाही, आणि आधी कुठे अर्धवट शिकलेलं असलं तर तेही तपासून धरते म्हणे. माझी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मार्कशीट तुमच्या लोखंडी कपाटात असतील. ती शोधून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या पत्त्यावर मुळीच नको.

ता. क. २: फोनवर देवयानीसमोर विषय काढू नका. हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय, पोस्ट तिच्या फार्मसीशेजारी आहे. काळजी नको, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

ता. क. ३: मामा, सौ. देवयानीचा नमस्कार. कपाटात शोधू नका, सापडणार नाहीत. आम्ही ग्लासगोला निघालो तेव्हा मामींनी दोन्ही मार्कशीट माझ्या हातात दिली होती, आणि सगळं सांगितलंही होतं. इतकी वर्षं मी वाट पाहिली की हे कधी स्वतःहून बोलतील. दोन्ही याच पाकिटात घातली आहेत. तुम्ही ती नव्या पाकिटात घालून, नागपूरचा शिक्का नीट उमटेल असं पाहून, यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. मला माहीत आहे हे यांना डिग्री मिळेपर्यंत कळू देऊ नका. घाबरले की अभ्यास फार छान करतात.