डोंगराच्या सोंडेवरची भट्टी

राहुरी, ४ फेब्रुवारी १९७३

चि. कानिफनाथ यास पुंजाराममामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. इथे विहिरींचे तळ दिसू लागलेत, गावात टँकर येतो, आणि तू शंभर फूट उंच पाण्याच्या भिंतीविषयी लिहितोस. देवाच्या वाटपात काहीतरी गफलत आहे. आम्ही पाठशाळेत पर्वतावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करायला शिकलो. तू पर्वतावरची भेग पाहून समुद्राचे करतोस. ज्वालामुखीच्या बेटाची एक कड तुटून एकदम पाण्यात गेली तर केवढी लाट उठेल, हे पाहायला मी भरल्या घंगाळात वरवंटा सोडला. शास्त्र पटले. धोतर भिजले. दुष्काळात पाणी सांडले म्हणून तुझ्या मामीने अजून चहा दिलेला नाही.

आता अपराध सांगतो. रविवारी पुणतांब्याला जाऊन तुझ्या आईला पत्र वाचून दाखवले, तेव्हा भेगेचा मजकूर गाळून तिथे हवापाणी घातले. पण कागद चार आणि वाचन एका कागदाचे, हे माझ्या बहिणीने, मुक्ताने, बरोबर ताडले. शेजारच्या शाळेतल्या बद्रुन्निसाबाईंकडून तिने सगळे पुन्हा वाचून घेतले. सध्या ती माझ्याशी बोलत नाही. तुला निरोप एवढाच, की कोपरगावची मुलगी ठरली आहे, तिथी वैशाखातली आहे आणि त्याआधी तू त्या डोंगरावरून उतरून घरी यायचेस.

प्रकृतीस जप. राग माझ्यावर, लोभ आईवर ठेव.

तुझा पुंजाराममामा

•

मुक्काम बेट, २८ फेब्रुवारी १९७३

ती. मामांस कानिफनाथचा सा. न. वि. वि.

हे पत्र कृपा करून गाळणी न लावता वाचावे.

मला येता येत नाही. डोंगराची ती कड जिथे सुटते आहे, तिथेच खाली किनाऱ्यावर कोळ्यांचे गाव आहे, दोनशे बारा माणसांचे. भेग महिन्यात चार बोटे रुंदावली. अख्खी बाजू एकदम गेली तर लाट समुद्र ओलांडून दूरदूरच्या किनाऱ्यांवर जाईल, असे आमच्या भूगर्भतज्ज्ञांच्या तुकडीतल्या थोड्यांना वाटते आणि आमच्यातलेच निम्मे हसतात. पण या गावाला कोपऱ्याएवढा तुकडाही पुरेल.

मी गावकऱ्यांची सभा घेतली, आलेख दाखवले. एका म्हाताऱ्याने विचारले, की कधी पडणार. मी खरे ते सांगितले, या महिन्यात पडेल किंवा शंभर वर्षांनी. तो म्हणाला, मग शंभर वर्षांनी या, आणि मला दोन मासे दिले. सरकारी माणूस नोटीस वाचून गेला. एकही घर हललेले नाही.

यांना असे टाकून मी बोहल्यावर कसा उभा राहू? आईला एवढेच विचारा.

आपला
कानिफनाथ

•

राहुरी, २२ मार्च १९७३

चि. कानिफनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

अरे शहाण्या, सत्य बोलावे हे मीच शिकवले, पण शंभर वर्षांच्या सवलतीसकट?

पत्र अक्षरन् अक्षर वाचले. बद्रुन्निसाबाई पंच म्हणून शेजारी बसल्या होत्या. मुक्ता आधी कडाडली, की याला लोकांची पोरं दिसत्यात, आई दिसत न्हाई. मग तिने तुझ्या आजीची गोष्ट काढली. गोदावरी चढत होती, तलाठी दवंडी पिटून दमला, पण माणसे उंबरा सोडीनात. तुझ्या आजीने कुणाला समजावले नाही. आळीचे मोठे जाते बैलगाडीत घालून तिने गढीच्या उंचवट्यावर नेले. दळायला बाया वर गेल्या, बायांमागे पोरे गेली, आणि भाकरी तिथे म्हटल्यावर पुरुषांना गुमान जावे लागले.

मुक्ताचे म्हणणे असे, की बाप्यांच्या सभा घेऊन काय हुतं व्हय? त्या गावच्या बाया भाकरी कुठं करत्यात ते आधी बघ.

तिथी पुढे ढकलली. कोपरगावकरांना कारण मी सांगायचे ठरले. भेग, कड, लाट असे क्रमाने सांगितले. मुलीचे वडील मला पाणी पाजून उन्हातून आलात का म्हणाले.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

पुंजाराममामा

•

मुक्काम बेट, ६ मे १९७३

ती. मामांस आणि आईस सा. न. वि. वि.

इथे पावाची भट्टी अख्ख्या गावात एकच, किनाऱ्यावर, आणि ती धुराने बायांचे डोळे फोडत असे. तुकडीच्या उरलेल्या विटा घेऊन मी वर डोंगराच्या दुसऱ्या, पक्क्या सोंडेवर नवी भट्टी बांधून घेतली, दुप्पट मोठी. लाटेचा शब्द काढला नाही. आठवड्यात बाया वर आल्या. रोजची चढण नको म्हणून त्यांनी छपरे घातली. पुरुष मला शिव्या घालत पावापुरते चढायचे, मग तिथेच पथारी टाकू लागले.

परवा सकाळी, सगळे भट्टीभोवती असताना, कडेचा एक कोपरा सुटला. आवाज आधी पायांना कळला. पाणी चाळीस फूट उठले आणि गाव होते तिथे खडक राहिला. आम्ही माणसे तीनदा मोजली. दोनशे बारा.

होडी एकही उरली नाही. त्यावरून माझ्याशी भांडण चालू आहे, की होड्याही वर न्यायला का सांगितले नाहीस. त्यांचे बरोबर आहे.

मोठी बाजू अजून उभी आहे. माझी मुदत मात्र संपली, जूनच्या बोटीचे तिकीट मिळते आहे. येऊ का, ते आईनेच सांगावे.

आपला
कानिफनाथ

•

राहुरी, २७ मे १९७३

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचून घेतले तिने. दुसऱ्यांदा बद्रुन्निसाबाईंनी वाचले. मग त्यांनी शाळेचा नकाशा आणला. तुझे बेट त्यात ठिपक्याएवढे आहे, मुक्ताच्या बोटाखाली अख्खे झाकले गेले. तिने बोट उचलले, पुन्हा ठेवले.

मला वाटले होते, बोटीची तारीख विचारेल. तिने विचारले, की त्या डोंगराच्या बुडाला किनाऱ्यावर अशी आणखी किती गावं हायेत. मी म्हणालो, ठाऊक नाही. त्यावर तिने मला झापले, की एवढा शिकलास आणि एवढं विचारलं न्हाईस.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी गावे मोजून कळव. ती वाट पाहते आहे.

तुझा
पुंजाराममामा